दूध पिणारी चकती

हॉलमध्ये सदतीस माणसं होती, झाकण लावलेली बावीस भांडी होती, दोन बंद पंखे होते आणि मधल्या टेबलावर एक काळी लाकडी चकती होती. भिंतीवरचा तापमापक बत्तीस अंश दाखवत होता. साडेतीन वाजले होते, आणि भांड्यांतलं दूध एक वाजल्यापासून तिथेच होतं.

चकती म्हणजे झाडाच्या खोडाचा आडवा काप. चार बोटं जाड, दोन्ही अंगांनी मध्ये किंचित खोलगट. तिच्यामागे दूधबाबा बसले होते. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, आणि बाबांना ते फारच आवडलेलं.

"लाकूड आहे, पण हिला जीभ आहे!" बाबा म्हणाले. "ज्याच्या मनात खोट, त्याच्या दुधाला ही तोंड लावत नाही."

दर वेळी आधी चकतीवर काळं कापड पडे, कापडाखाली बाबांचे हात हलत, ओठ पुटपुटत. मग कापड दूर होई आणि खळग्यात अर्धा चमचा दूध. कुणाचं झिरपून नाहीसं होई, तेव्हा "प्यायली, प्यायली!" असा गजर. कुणाचं तसंच साचून राही, तेव्हा नुसता सुस्कारा. नाकारलेल्यांना बाबा शुद्धीची पुडी देत. पुडी दुधात ढवळायची, पुन्हा कापड, पुन्हा पुटपुट, आणि चकती निमूट पिई.

माझ्या आत्याचं गल्लीच्या तोंडाशी एकोणीस वर्षं दुधाचं दुकान आहे. तीन दिवसांपूर्वी चकतीने तिचं दूध नाकारलं. गिऱ्हाईक तुटलं, ते तिने सोसलं असतं. पण चार वर्षांच्या नातीलाही ती आता स्वतःच्या हातचं दूध देईना. पोरगी पेला घेऊन मागे मागे फिरायची आणि आत्या म्हणायची, "आईकडून घे गं राणी. माझ्या हातालाच काहीतरी लागलंय."

म्हणून मी वही घेऊन पहिल्या रांगेत बसले होते.

"काय लिहितेस गं पोरी?" बाबांनी विचारलं.

"चकतीची हजेरी घेतेय."

मागे दोघंतिघं हसले. बाबा हसले नाहीत.

साडेतीनपर्यंत वहीत नऊ होकार आणि सहा नकार जमले. पहिला होकार पन्नास सेकंदांचा होता, नववा दीड मिनिटाचा. चकतीचं पोट भरत आलं असावं. आणखी एक रकाना होता वासाचा. होकाराच्या वेळी नऊपैकी नऊदा आंबूस भपकारा आला होता. नकाराच्या वेळी एकदाही नाही.

मी शेजारी बसलेल्या आत्याला कोपराने ढोसलं. "वास येतोय ना?"

"येणारच. कच्च्या लाकडात दूध मुरलं की कितीही घासा, जात नाही. म्हणून तर मी दुकानातल्या रवीला वर्षातून दोनदा जवसाचं तेल पाजते. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. तेल प्यायलेलं लाकूड दूध पीत..."

ती थांबली. चकतीकडे बघत राहिली.

तेवढ्यात सातवा नकार झाला. बाबांचा हात कापडाकडे जाणार, इतक्यात आत्या उठली. कोपऱ्यातल्या नळाखाली चमचा भरला आणि टेबलाशी आली. बाबा काही बोलायच्या आत तिने खळगा पदराने पुसून त्यात पाणी ओतलंसुद्धा.

"अहो बाई, पाणी चालत नाही!"

"का? पाण्याच्या मनात खोट आहे?"

पाणी मोत्यासारखं गोल होऊन बसलं. एक मिनिट, दोन मिनिटं.

"घ्या, आता नळसुद्धा पापी!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबांनी कापड उचललं. पण आत्याने चकती आधीच पालथी घातली होती. भपकारा पहिल्या रांगेपर्यंत आला. तिने नळाच्याच पाण्याचा दुसरा चमचा ओतला, ना पुडी ना पुटपुट. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं दहा सेकंदांत खळगा रिकामा.

"मंत्राचा अंश उरलाय तिच्यात," बाबा म्हणाले.

मागून गल्लीतला सुतार पुढे आला. चकती उचलून त्याने पहिल्या बाजूवर नख ओढलं, नखात काळपट मेण आलं. "खाली तेल, वर मेण, रंगाला काजळ. पाण्याने फुगू नये म्हणून खिडकीच्या चौकटीला आम्ही हेच करतो. दुसरी बाजू नुसती काळी केलीय, कोरडीच आहे. आमची चौकट अजून कुणाला पापी म्हणाली नाही."

"खोडात बारीक उभ्या नळ्या असतात," मी म्हणाले. "झाड त्यांतून पाणी वर ओढतं. आडवा काप घेतला की त्यांची तोंडं उघडी पडतात."

शेजारच्या काकूंना हे पटेना. "मग आमच्या घरी सगळ्यांची पोटं बिघडली ती? तुझ्या आत्याच्याच दुधाने ना?"

"काकू, ते दूध इथून कधी नेलंत?"

"त्या दिवशी सहाला. शुद्ध झालेलं!"

"म्हणजे एकपासून पाच तास या उकाड्यात. दूध तापवायचं, लवकर गार करायचं, झाकून फ्रीजमध्ये ठेवायचं. दोन तासांहून जास्त बाहेर नाही. जंतूंना पुडी कळत नाही, तापमान कळतं."

काकू आपल्या भांड्याचं झाकण उघडून वाकल्या, हुंगलं आणि झाकण परत लावलं.

"हात जोडायचे तर जोडा," आत्या सगळ्यांना म्हणाली. तिचा आवाज तीन दिवसांनी तिचा वाटला. "पण आधी वस्तू उलटून बघा. मीच बघितली नाही, आणि पोरीला तीन दिवस रडवलं."

दूधबाबा हात धुवायला म्हणून बाहेर गेले. हॉलमध्ये छत्तीस माणसं उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या फ्रीजमध्ये चार अंश होते. तिने पातेलं काढलं, दूध उकळलं, कोमट होऊ दिलं आणि पेला स्वतःच्या हाताने नातीसमोर धरला. मी आधीच मोजून घेतलं होतं: दोनशे मिलिलिटर.

सहा मिनिटांनी पेल्यात शून्य.