एजिदियोची उलटी गाठ

मी शिंपल्यांची जाळी बोलतेय. हो, प्लॅस्टिकचीच. तोंड वाकडं करू नका. मला विचारून कोणी घडवलं नव्हतं.

तारांतो बंदराच्या आत शिरलेल्या छोट्या समुद्रात एजिदियो शिंपले वाढवायचा. त्याने माझ्या पोटात बारकी पिल्लं भरली, तोंडाला गाठ मारली आणि मला पाण्यात टांगलं. तो डावखुरा, त्यामुळे गाठ उलटी पडायची. वर्षभर मी ती लेकरं सांभाळली. मग त्याने मला उभं चिरलं, शिंपले काढून घेतले आणि मला समुद्रात भिरकावलं. त्याच्या बापाच्या जाळ्या गवताच्या असत. त्या टाकल्या की कुजून जायच्या. जाळी बदलली, हाताची सवय तीच राहिली.

तीस वर्षं मी तळाशी पडून होते. वरून माझ्या बहिणी येतच राहिल्या. एकदा एक खेकडा माझ्यात अडकला आणि चार दिवस धडपडून मेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

परवा लोखंडी आकड्याने मला वर ओढलं. एजिदियोचा मुलगा कातालदो घामाघूम होऊन तळ खरवडत होता. "बहीण आहे की जकातवाली! म्हणे, रिकाम्या जाळ्या परत आण, मगच माल उतरव." त्या तर त्याने सकाळीच पाण्यात फेकल्या होत्या. आता नावेत वर्षभराचे शिंपले ओल्या गोणपाटाखाली, वर जुलैचं ऊन. संध्याकाळपर्यंत ते जगणार नव्हते.

त्याची बहीण पाल्मा शिंपले भरून गावोगाव पाठवणाऱ्या कारखान्याची मालकीण. ती धक्क्यावर हाताची घडी घालून उभी होती.

"घे तुझ्या जाळ्या," कातालदो म्हणाला. "बाबाही पाण्यातच टाकायचे. त्यांना कधी अडवलं होतंस?"

"तेव्हा कारखाना माझा नव्हता, दादा. तळ असाच भरत गेला तर उद्या मी गोण्यांत काय भरू, चिखल?"

ढीग उपसताना तिचा हात माझ्यावर थांबला. तिने गाळ पुसला, गाठ चाचपली.

"दादा, ही उलटी आहे."

कातालदो खाली बसला. "बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. आणि ही बघ, कालच मारल्यासारखी."

"माल उतरव," पाल्मा हळूच म्हणाली.

आता मी कारखान्याच्या दारात टांगलेली असते. माल आणणारा प्रत्येक जण आधी जाळ्या परत करतो. पुढच्या हंगामापासून पाल्मा पुन्हा गवताच्या जाळ्या विणून घेणार आहे. कातालदो येता-जाता माझ्या गाठीवरून हात फिरवतो, कधी डोळे पुसतो. त्याला सांगावंसं वाटतं, बाबा रे, आठवण म्हणून जपावी अशी मी नाही. तुझा बाप मातीला मिळाला. मला तेवढंही जमायचं नाही.