पोत्यांमागची घोडी

सकाळी सहाला घोडीचा ताप एकोणचाळीस अंश दोन भरला. काल अडतीस तीन होता. मी थर्मामीटर पुसला, झटकला, पुन्हा लावला. तेवढाच.

चिलटं चावून घोड्यांना जो ताप येतो, त्यात बहुतेक घोडे आठवड्याभरात मरतात. जुनी लस जिवंत विषाणूची. ती टोचल्यावर आमच्या घोडीचं मागचं शिंगरू पोटातच गेलं. नव्या लशीत विषाणूचं नुसतं टरफल असतं. ती माझ्यासारख्या घोडागाडीवाल्याला परवडावी म्हणून माझी सून प्रयोगशाळेत चार वर्षं खपते आहे. चाचणीला गाभण घोड्या हव्या होत्या. आमच्या घोडीच्या संमतीच्या कागदावर सही बायकोने केली. बायको वारली त्याला आता सात आठवडे झाले.

ताप एकोणचाळीसच्या वर गेला की कळवायचं, असा नियम. मग बाकीच्या अकरा घोड्यांचा दुसरा डोस थांबतो. वहीत अडतीस पाच लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण बायको आजारपणात मला स्वतःचा ताप कमी करून सांगायची. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

मी खरा आकडा लिहिला आणि सुनेला फोन लावला.

ती अर्ध्या तासात आली.

"खरं सांग, हिला लस टोचली की मिठाचं पाणी?"

"बाबा, मलाही माहीत नाही. काहींना नुसतं पाणीच टोचतात, पण कोणाला काय ते चाचणी संपेपर्यंत कोणालाच सांगत नाहीत."

ती तबेल्याच्या दारातच थांबली. आदल्या संध्याकाळी मी खिडक्यांना पोती ठोकली होती, फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, दारावर दोन घोंगड्या टांगल्या होत्या.

"अहो, बाईसाहेबांना वाफेवर शिजवताय का?"

"मच्छरदाणीतून चिलटं आत जातात, असं तूच म्हणालीस."

"म्हणून हवासुद्धा बंद? आत मी दोन मिनिटं उभी राहिले तर मलाही ताप भरेल."

तिने पोती ओढून काढली. घोडीच्या डोळ्यांवरचे खळगे दाबून पाहिले, या तापात तिथे सूज येते, ती नव्हती. रक्त घेतलं. मग पालथ्या बादलीवर बसून राहिली. आम्ही तासभर थांबलो. दोघांनीही नखं खाल्ली, मग मी पुन्हा थर्मामीटर लावला.

अडतीस चार.

ती हसली आणि लगेच तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

"मग पहिला आकडा खोडू?"

"अजिबात नाही. खाली हा लिहा. पोत्यांचंही लिहा. रक्ताचा निकाल परवा येईल, तोवर डोस बंदच."

"माझ्यामुळे तुझं काम अडलं."

"अडू दे. खोटं लिहिलं असतंत तर बुडालं असतं."

"आणि संध्याकाळी चिलटं आली तर?"

"आई डासांसाठी पंखा लावायच्या ना? वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही."

पंखा बायकोच्या पलंगाशी होता. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. ऊन कलल्यावर उचलला, पात्यांवरची धूळ पुसली, लांब वायर जोडून तबेल्यात नेला. घोडीने आधी कान मागे टाकले, मग वाऱ्यात तोंड धरलं.

ताप पाहिला. अडतीस चार. वहीत लिहिला. परवा सकाळपर्यंत अजून तीनदा पाहायचा आहे.