करंडीची दोरी

माझ्या बायकोने, अंबिकेने, एकदा गाठ मारली की ती सोडवायला सुरी लागते. डब्याच्या फडक्याला तीन गाठी, लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरच्या दादऱ्याला तीन गाठी, कचऱ्याच्या पिशवीलाही तीन. कचरा काय पळून जाणार आहे? हा विनोद मी बावीस वर्षं करतोय आणि ती बावीस वर्षं त्यावर हसत नाही.

तिचा दुसरा गुण म्हणजे रद्दी. रद्दीवाल्याच्या काट्याकडे ती अशी बघते की तो बिचारा आपणहून अर्धा किलो जास्त धरतो. तीच बाई गेल्या वर्षी गणपती झाल्यावर सहा महिन्यांचे पेपर फुकट देऊन आली, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

"कुणाला दिलेस?"

"मोरव्याच्या बाजूला ते जनावरांचं घर आहे ना, तिथे. मांजरांखाली घालायला लागतात त्यांना."

मी चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. जन्मभर माणसं कोंबून नेल्यावर घरात नवीन पॅसेंजर घ्यायचा नाही, असा माझा नियम. मुलगी निशिगंधा लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून मीरा रोडच्या आमच्या ब्लॉकमध्ये मी, अंबिका आणि टीव्ही असे तिघंच. त्यात टीव्ही सगळ्यात जास्त बोलतो.

तिसऱ्या खेपेला गठ्ठा जड होता म्हणून मला न्यावंच लागलं. तिथे क्षितिजा नावाची पंचविशीतली मुलगी होती. कोपरापर्यंत ओरखडे आणि आवाज आमच्या तिकीट चेकरसारखा. अंबिकेने मांजराची पिल्लं आहेत का विचारलं, तर कालच दत्तक गेली म्हणाली. मी हुश्श केलं आणि वळलो, तर कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक काळी मांजर बसलेली. एका कानाचं टोक कापलेलं आणि चेहरा असा, की तिला मीच आणून टाकलंय इथे.

"ही दुर्गा," क्षितिजा म्हणाली. "सहा वर्षांची आहे. दोनदा दत्तक गेली, दोनदा परत आली."

"का?"

"पहिल्या घरी काकांचं प्रमोशन अडकलं. काळं मांजर म्हणून हिच्यावर खापर. दुसऱ्या घरी हिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण बाजूला सारला आणि स्वतः झोपली."

मला हसू फुटलं. तीच माझी चूक. अंबिकेने माझ्या हसण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हीच न्यायची."

पण नेऊ म्हटलं की नेता येत नाही. आधी पंधरा दिवस मांजर आमच्याकडे राहणार, मग क्षितिजा घर बघायला येणार, फॉर्म भरून घेणार आणि घर पसंत पडलं तरच दुर्गा कायमची आमची. नाही तर तिसऱ्यांदा पिंजऱ्यात. "आता परत आली तर हिला कोणी नेणार नाही, काका," असंही तिने स्पष्ट सांगून टाकलं.

पहिले तीन दिवस बाई फ्रिजच्या मागे होत्या. चौथ्या दिवशी बाहेर आल्या आणि थेट माझ्या खाकी कोटावर बसल्या. तो कोट मी निवृत्तीनंतर कपाटाबाहेर आठवण म्हणून टांगला होता. आता तो कोट नाही, केस आहेत. सहाव्या दिवशी देव्हारा झाला. बाळकृष्णाला एका पंजाने सरकवून ती मध्ये बसली. मला वाटलं आता महाभारत होणार. अंबिकेने शांतपणे उदबत्ती ओवाळली, मांजरीसकट.

समोरच्या ब्लॉकमधला जितेश शेअरबाजारात काम करतो. सकाळी निघताना दुर्गा आमच्या चपलांच्या रॅकवर दिसली की तो परत घरात जायचा, पाणी पिऊन, देवाचं नाव घेऊन पुन्हा निघायचा. एके दिवशी चारदा आत-बाहेर झालं आणि शेवटी तो गेलाच नाही. त्या दिवशी बाजार आपटला. संध्याकाळी हा माणूस दुधाची पिशवी घेऊन आमच्या दारात.

"काशीनाथभाई, दुर्गाबेन ने बचा लिया. रोज सुबह इधर ही बिठाना हां, देख के जाऊंगा."

म्हणजे अपशकुनी मांजर आठवड्यात शेअरबाजाराची सल्लागार झाली. माणसाची भक्ती कधी कुठे फिरेल सांगता येत नाही.

आणि मी? मी खिडक्यांना जाळ्या लावल्या, स्वतः, स्टुलावर चढून. कोळणीकडून "मांजरासाठी" म्हणून मांदेली मागून आणायला लागलो आणि त्यातली अर्धी खरोखर मांजराला द्यायला लागलो. दुपारी ती पोटावर येऊन बसली नाही तर डोळा लागेना. सरळच सांगतो, सहासष्टाव्या वर्षी मी एका काळ्या, कानतुटक्या बाईच्या प्रेमात पडलो. या वयात प्रेम लपवायलाही जागा नसते, दोन खोल्यांचा ब्लॉक.

तेराव्या दिवशी क्षितिजाने फॉर्म पाठवला, आधीच भरून ठेवा म्हणून. अंबिका म्हणाली, तुमचं अक्षर बरं आहे, तुम्ही भरा. मी चष्मा लावून बसलो आणि सातव्या प्रश्नावर अडकलो. *पूर्वी प्राणी पाळला होता का? त्याचे काय झाले?*

पाळला होता. मनी. ठाण्याच्या चाळीत होती, तीन रंगांची. दोन हजार तीन साली आम्ही इकडे ब्लॉक घेतला, तेव्हा अंबिकेने मनीला झाकणाच्या करंडीत घातलं, वर सुतळीची दोरी बांधली आणि करंडी माझ्या हवाली केली. ती आणि छोटी निशिगंधा टेम्पोत पुढे बसल्या, मी मागे सामानात. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात टाइल्स लागल्या होत्या, पांढऱ्या, तोंड दिसेल अशा. त्यावर ही मुतणार, सोसायटीचे लोक म्हणणार, आली चाळीतली माणसं मांजर घेऊन. घोडबंदर रस्त्याने येताना वरसाव्याला टेम्पोवाला चहाला थांबला. मी दोरी सोडली आणि झाकण उघडलं.

मनीने उडी मारली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत बसली माझ्याकडे. मला करंडी तिरकी करावी लागली.

मीरा रोडला पोचल्यावर अंबिकेला रिकामी करंडी दाखवली आणि म्हणालो, "तुझी गाठ सैल होती." ती दोन दिवस रडली. मग कधीच मांजराचं नाव काढलं नाही. मी समजलो, विसरली. नवरे लोक असंच समजतात, सोपं पडतं.

मी सातव्या प्रश्नापुढे लिहिलं, *म्हातारपणाने वारली.*

पंधराव्या दिवशी क्षितिजा आली. अंबिकेने पोहे केले होते, वर खोबरं, कोथिंबीर, सगळं साग्रसंगीत. मला तरुणपण आठवलं. अंबिकेच्या आधी मी सात मुली बघितल्या, सात घरचे पोहे खाल्ले आणि सातही ठिकाणी "कळवतो" म्हणून जे उठलो, ते आजतागायत कळवलेलं नाही. आता माझी पाळी होती. इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यावर ठेवून मी बसलो होतो आणि ती मुलगी जाळ्या ओढून बघत होती, फिनेलची बाटली कुठे ठेवता विचारत होती. दुर्गा मात्र माझ्या मांडीवर चढून बसली. मनात म्हटलं, शाब्बास, अशीच बस.

मग क्षितिजाने फॉर्म हातात घेतला. सातव्यावर आली आणि मोठ्याने वाचलं, "म्हातारपणाने वारली. किती वर्षांची होती, काका?"

मी तोंड उघडायच्या आत अंबिका म्हणाली, "नाही गं. ते खोटं आहे."

मी दुर्गाला मांडीवर घट्ट धरलं.

"मला वाचवायला लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या हातून गेली मनी. ठाण्याहून सामान आणत होतो, करंडीला मी गाठ नीट मारली नाही. वाटेत कुठे उडी मारून गेली कुणास ठाऊक. तेव्हापासून मी कसलीच गाठ एकदा मारत नाही. हे हसतात मला. पण तू खरं काय ते लिही. चूक माझी आहे. आता नाही होणार तसं."

क्षितिजाने पेन टेकवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथून लोणच्याच्या तीन बरण्या दिसतात. तीन बरण्या, नऊ गाठी. कंडक्टरची सवय, आकडे आपोआप दिसतात. बावीस वर्षं, रोजचा डबा, रोजची कचऱ्याची पिशवी, आणि दर वेळी माझा तो विनोद. मला लाज वाटली. नुसती लाज नाही, स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"थांब," मी म्हटलं. "गाठ घट्ट होती. मला सोडवायला दहा मिनिटं लागली."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"वरसाव्याला मी सोडली तिला. टाइल्स खराब होतील म्हणून. ती जात नव्हती, मी करंडी उलटी केली."

अंबिका उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने कढई घासल्याचा आवाज यायला लागला. कढई सकाळीच घासून झाली होती.

"हे असंच लिहू?" क्षितिजाने विचारलं.

"लिही."

तिने लिहिलं, फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. पोहे अर्धे तसेच राहिले. दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "कळवते, काका."

कळवते म्हणजे काय, हे या पृथ्वीतलावर माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

पुढचे चार दिवस अंबिका भांडली नाही. भांडली असती तर मी जेवलो तरी असतो. ती ताट वाढायची, आपल्यापुरतं घेऊन आत बसायची. डबे बांधायची, पिशव्या बांधायची, तीन-तीन गाठी, तशाच. पूर्वी मी त्या बघून हसायचो, आता डोळे मिटून घ्यायचो. एकदा म्हटलं, "अगं, काहीतरी बोल." ती म्हणाली, "बावीस वर्षं तुम्ही बोलला नाहीत, मला चार दिवस द्या की." दुर्गा तेवढी माझ्या पोटावर येऊन बसायची. तिला माझा इतिहास कोणी सांगितला नव्हता.

पाचव्या दिवशी अंबिकेच्या फोनवर फोन आला. तिने ऐकून घेतला, हो हो म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"काका," क्षितिजा म्हणाली, "फॉर्मवर सगळीच देवमाणसं असतात. स्वतःला नापास करून घेणारे तुम्हीच पहिले. दुर्गा राहील तुमच्याकडे. पण काकूंच्या नावावर. आणि एक अट लिहिली आहे. तुम्ही एकट्याने तिला घराबाहेर न्यायचं नाही."

"मान्य," मी म्हटलं. मान्य नसून करतो काय? मला इतका आनंद झाला होता की तिने मलाच पिंजऱ्यात राहायला सांगितलं असतं तरी गेलो असतो.

दुसऱ्या आठवड्यात दुर्गाला इंजेक्शनला न्यायचं होतं. अंबिकेने माळ्यावरून करंडी काढली. तीच, ठाण्याची. इतकी वर्षं तिच्यात कांदे होते, म्हणून मला कधी ओळखू आली नाही. दुर्गाला आत घातलं, झाकण लावलं, वर सुतळी आणि तीन गाठी. रिक्षात करंडी मांडीवर घेऊन, वर दोन्ही हात ठेवून ती बसली. मी शेजारी, सामान असल्यासारखा. डॉक्टरकडे दुर्गाने डॉक्टरांना चावायचा प्रयत्न केला, कंपाउंडरला चावली आणि काम झालं.

परतताना रिक्षावाल्याने विचारलं, "नया नगर के बाजू से लूं?"

"नहीं," अंबिका म्हणाली. "पहले वरसावे लो."

मी तिच्याकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती. काशीमीरा मागे पडलं, ट्रक वाढले. वरसाव्याला ती म्हणाली, "कुठे?"

बावीस वर्षांत तिथलं काही राहिलं नव्हतं. चहाची टपरी नाही, झाड नाही, पुलावर पूल झालेला. तरी मी अंदाजाने एक जागा दाखवली.

"उतरा. आणि हाक मारा."

"अगं, आता काय..."

"मारा."

मी उतरलो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि तोंडावर हात धरून ओरडलो, "मने!" एका ट्रकवाल्याने हॉर्न मारला. "मने, ये गं! मने!" पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघायला लागला. डेपोत शेवटची गाडी सुटताना ओरडायचो, तेवढा आवाज काढला मी. ओरडून झाल्यावर मी डोळे पुसले, ते धुळीने म्हणा हवं तर.

मागे रिक्षावाला अंबिकेला विचारत होता, "चाचा किसको बुला रहे?"

"बिल्ली को. बाईस साल पहले छोड़ा था इन्होंने इधर."

"तो अब तक थोड़ी रुकी होगी, आंटी."

"वो मालूम है मेरे को," अंबिका म्हणाली. "उनको मालूम होना चाहिए."

मी परत येऊन बसलो. माझ्याकडे न बघता तिने चेहरा पदराने पुसला. मग मांडीवरच्या करंडीच्या गाठी सोडवायला लागली. एक, दोन, तीन. नखांनीच सोडवल्या, तिच्या गाठी तिलाच सुटतात. दोरी गुंडाळून तिने पर्समध्ये टाकली आणि करंडी माझ्या मांडीवर ठेवली.

"धरा. बांधलेली नाहीये."

रिक्षा वळली. घर येईपर्यंत मी दोन्ही हातांनी झाकण दाबून बसलो होतो. आत बाई गुरगुरत होत्या, फटीतून पंजा काढून माझं बोट ओरबाडत होत्या. ओरबाडू दे, म्हटलं. हात काढला नाही.