सातव्या गल्लीचा हात

अमळनेरच्या त्या बाजारात सात गल्ल्या. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष दुकानदार थेट निवडत नाहीत. प्रत्येक गल्लीत मतदान होतं, आणि तिथं ज्याची सरशी, त्याच्यासाठी गल्लीचा प्रतिनिधी सभेत हात वर करतो. गल्लीत दहा दुकानं असोत की साठ, हात एकच. आता बोला!

यंदा मॅचिंग सेंटरवाली कामिनी उभी राहिली, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून. "दुकानात बसणाऱ्या आम्ही बाया दिवसभर पाणी प्यायला भितो," असं तिनं प्रचारात तोंडावर सांगितलं, तेव्हा भले भले माना खाली घालून बसले. समोर सुभाषचंद शेठ, पंधरा वर्षांचे अध्यक्ष. त्यांचं एकच, जागा कुठंय?

मोजणी झाली. सगळ्या बाजारात मिळून कामिनीला एकशे एकतीस, शेठना चौऱ्याण्णव. पण गल्ल्या तीन-तीन, आणि सातव्या गल्लीचा प्रतिनिधी लोटन. दोरखंड विकणाऱ्या लोटननं स्वतः कामिनीला मत दिलं होतं, पण त्याची गल्ली शेठकडे गेली. अकरा विरुद्ध दहा, फक्त एका मतानं!

सभेआधी कामिनीच्या माणसांनी त्याला घेरलं. "गल्लीचंच ऐकायचं, असं कुठं लिहिलंय? बाजार ताईंकडे आहे, कर हात वर!" लोटनलाही पटत होतं. तो तडक तिच्या दुकानात गेला. "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा."

तिनं कात्री खाली ठेवली. "हात शेठसाठीच वर करा, भाऊ. गल्लीनं विश्वासानं धाडलंय तुम्हाला. आज माझ्यासाठी फिरलात, तर उद्या कुणासाठीही फिराल. ही पद्धत अन्यायाचीच आहे, थेट मतदानासाठी मी भांडणारच. पण निकाल लागल्यावर नियम मोडायचा? छे!" काय बाई आहे ही, लोटनला वाटलं. तिच्या जागी आपण केव्हाच हो म्हणून मोकळे झालो असतो.

सभेत त्यानं शेठसाठी हात वर केला. पहिली टाळी कामिनीनं वाजवली.

शेठ भाषणाला उठणार, तेवढ्यात लोटन उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत बोलला. "शेठ, मत गल्लीनं व्हतं, ते दिधं. पन दुकान तं मनं शे ना? मागली खोली मी बायासाठे मोकळी करस. आते सांगा, जागा कशी नई?"

लोटन स्वतःच्या दुकानातली खोली देतोय म्हटल्यावर शेठ चिटणिसाकडे वळले. म्हणाले, "लिहा स्वच्छतागृहाचा ठराव." आणि हरतानाही न रडलेली कामिनी सगळ्यांदेखत घळाघळा रडली.