लाडवांच्या डब्याची गाठ

"नक्को बोलूस खोटं! साखर चारशेवर जाते ती काय हवा खाऊन?" भारती कडाडली.

"सच्ची, आई, मी लाडू नाही खाल्ला," गादीवर पडलेली बारा वर्षांची हर्षदा म्हणाली. सकाळपासून पोर तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती.

नांदेडचं लग्न आटोपून मायलेकी कालच काचीगुडा स्टेशनावर उतरून घरी आल्या होत्या. लग्नघरचा बुंदीच्या लाडवांचा डबा सोबत होता आणि लेक पहिल्यापासून गोडघाशी. मधुमेह सापडून जेमतेम दोन महिने झालेले. भारतीने इन्सुलिन वाढवलं, संध्याकाळी पुन्हा वाढवलं. साखर काही हटेना.

आणि ही बाई शाळेत विज्ञान शिकवायची, तेही ऐटीत! "इन्सुलिन म्हणजे प्रथिन. पेशीच्या दारी जाऊन कडी वाजवतं, मग पेशी साखर आत घेते. उष्णतेने आकार बिघडला तर कडी वाजवणार कोण? उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का रे?" पोरं हसायची. म्हणून तिला मे महिन्याच्या उन्हाचा भारी धसका. लग्नघरी तिने इन्सुलिनची बाटली थेट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, सकाळी दगड झालेली ती मुठीत धरून वितळवली. औषध ताजं राहिलं म्हणून खूश!

दुसऱ्या दिवशी हर्षदा ओकायला लागली, धापा टाकायला लागली, दवाखान्यात नेईपर्यंत बेशुद्ध पडली. दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली.

"बर्फ में रखे थे क्या, मॅडम?"

"हौ. गर्मी में खराब होता ना."

"जम गया तो भी खराब होता. ये तो पानी है अब."

उष्णतेचं भारतीने वर्गावर्गांतून घोकून घेतलं होतं. थंडीचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोन दिवस ती लेकीला पाणी टोचत होती, आणि वर चोर म्हणत होती.

"अगं, माझं चुकलं गं, एकदा ऐक," ती पोरीच्या कानाशी रडत राहिली. हर्षदा शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तेराव्यानंतर शेजारच्या चतुराबाईंनी फळीवरचा डबा खाली काढला. पोरीच्या हाताला सुटू नये म्हणून नांदेडला भारतीनेच सुतळीची निरगाठ मारली होती.

"कात्री दे गं भारती. गाठ सुटेना."

भारतीने कात्री दिली नाही. डबा पोटाशी धरून तिने हंबरडा फोडला, "एक तरी खाल्ला असतास गं! एक तरी!"