मास्तरांचं ‘हं’

घरी ते माझे भावोजी, ताईचे यजमान. छापखान्यात मात्र मास्तर. बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी समोरासमोर बसून एकच काम केलं. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, त्यांनी छापून आलेल्या कच्च्या पानावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. ओळ जुळली की ते म्हणायचे, “हं,” आणि समासात पेन्सिलीनं खूण करायचे. नाही जुळली तर असे ओरडायचे, “थांब!” की पलीकडे बसलेल्या बांधणीवाल्याचा चहा बशीत सांडायचा.

या खेपेला पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं. सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांचा कोश. शाळेत शिकवायचे तेव्हापासून जमवलेले शब्द, त्यात चालू होते तसे कधीच मेलेलेही होते. मला इंग्रजीतून पाणी मागता येत नाही, देवाशपथ! पण कुणी ‘वेदर’ म्हटलं तर मी विचारीन, हवा की खच्ची केलेला मेंढा? मेंढ्याचा शब्द आता सहसा कुणी वापरत नाही, पण मधला एक ‘ए’ गाळला की हवेचा मेंढा होतो. असली विद्या माझी.

सोळा पानांचे तेरा फर्मे मास्तरांच्या सहीनं छापून झाले होते. त्या सकाळी आम्ही चौदावा घेतला.

“एफ, ए, आय, एन. आनंदाने, खुशीने. जुना शब्द, आता वापरात नाही.”

“हं.”

“एफ, ई, आय, जी, एन. ढोंग करणे.”

“हं.”

मी त्यांच्या बाजूला चहा ठेवायला उठले आणि पानावर नजर गेली. दोन्ही अर्थ उलटे छापलेले! खुशीच्या जागी ढोंग, ढोंगाच्या जागी खुशी. आणि वर ठसठशीत खूण, तीही समासात नव्हे, थेट मजकुरावर.

मी चहा ठेवला. जागेवर येऊन बसले आणि त्यांच्यापुढे आजचं छापील पान असताना हस्तलिखितातलं कालचंच पान पहिल्यापासून वाचायला घेतलं. ओळीमागून ओळ ते म्हणत गेले, “हं. हं. हं.” पान संपलं तशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“हे कालचं पान आहे,” ते हळूच म्हणाले.

“मग थांब का नाही म्हणालात?”

“तू का वाचते आहेस ते कळलं म्हणून.”

“कधीपासून दिसत नाही?”

“वर्ष होईल. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलं. तुझं तोंडसुद्धा दिसत नाही.”

ताईला पत्ता नव्हता. डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. वर मला म्हणाले, “तू नीट वाचतेसच की. मग बिघडलं कुठं?”

असा संताप आला मला! “अहो, मी माझ्या हातातला कागद वाचते! तुमच्या हातातला कोण बघणार होतं? म्हणजे तेरा फर्मे कुणी पाहिलेच नाहीत!”

“हळू बोल. मालकांना सांगू नकोस. एवढं पुस्तक होऊ दे, माझं नाव आहे त्याच्यावर.”

“पोरं परीक्षेला हे घोकून जातील, भावोजी!” छापखान्यात पहिल्यांदाच ही हाक तोंडातून निघाली. त्यांनी मान खाली घातली.

बांधणीवाल्यानं पहिला फर्मा घडी घालायला घेतलाही होता. मी तशीच मालकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, छापलेलं एकही पान बाहेर जाऊ देऊ नका, सगळं पुन्हा तपासायला हवं. मालकांनी कपाळाला हात लावला.

“कुणाची चूक?”

काचेतून मास्तर दिसत होते. ताईनं इस्त्री केलेला सदरा, समोर थंड झालेला चहा. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, “माझी. वाचताना मी ओळी गाळल्या.”

मालक ताडकन उठून टेबलाशी आले. मी मागोमाग.

“मास्तर, बाई म्हणतात वाचताना त्याच चुकल्या. असं असेल तर उद्यापासून त्यांनी यायचं कारण नाही. खरं आहे का?”

खोटं मीच बोलले होते, कबूल. पण बावीस वर्षं ज्या माणसानं माझी एक चुकीची वेलांटी सोडली नाही, तो एवढं ढळढळीत खोटं कसं सोडेल? आता टेबलावर हात आपटून ‘थांब!’ म्हणतील याची मला खात्री होती. बांधणीवाल्यानंसुद्धा सवयीनं कप खाली ठेवला.

मास्तरांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. मग चाचपडत पेन्सिल उचलली.

“हं,” ते म्हणाले.