अडगावचे घोडे कोनाड्यात

अनसिंगच्या पेठेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या इंदरचंदला लढायांशी काही देणंघेणं नव्हतं. इतिहासाचं वेड होतं ते त्याच्या थोरल्या भावाला, फूलचंदला. हा फूलचंद इंझोरीच्या बाजारातून येताना बैलगाडीवरून पडला आणि त्याची मांडी मोडली. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी प्लॅस्टर निघालं. वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं, आता चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. पण पुन्हा पडायची अशी धास्ती घेतलेली की गडी खाटेवरून हलेना. निदान उठून तरी बसेल म्हणून इंदरचंदनं मांजरपाटाच्या तुकड्यावर अडगावची लढाई मांडली.

अडगाव आपल्या वऱ्हाडातलंच. तिथं भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली होती. कुंभाराकडचे मातीचे घोडे आणि चिंचोक्यांचे शिपाई जमवले. भोसल्यांकडून फूलचंद खेळे. इंदरचंदला डावपेच येत नव्हते, म्हणून इंग्रज कवड्यांवर चाले. उताण्या जास्त पडल्या तर पुढे, उपड्या जास्त पडल्या तर जागीच.

हा इंग्रज अगदीच बावळट निघाला. फूलचंद रोज जिंके आणि रोज जास्त चिडे. "इंग्रज हाय का गोगलगाय? मले लहान पोरगं समजून राह्यला का तू?"

मग इंदरचंदनं नियम बदलला. इंग्रजानं दर खेपेला भोसल्यांची सगळ्यात कमजोर बाजू गाठायची, कवड्यांनी फक्त मारा लागला की नाही एवढं सांगायचं. झालं, भोसल्यांचं रोज पानिपत होऊ लागलं. "याले माया मनातलं कसं कळते? असा माणूस असते काय कुठी?" म्हणत फूलचंदनं मांजरपाट खाटेखाली ढकलला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशीही तो वळला नाही, तेव्हा इंदरचंद खरोखर घाबरला.

त्यांच्या आईचं, भंवरीबाईचं, दुखणं वेगळंच होतं. साखरेचा हत्तीसुद्धा पोरांना खाऊ न देणारी बाई ती, चावला तर जीव मारल्याचं पाप. "माया घरात रोज घोडं मरते म्हन्ता. मातीचं असलं म्हून काय झालं? मनानं मारलं म्हंजे मारलंच."

"मंग लढाई कशी होईन, माय?" इंदरचंदनं विचारलं.

"भेलं तं पळन. पळून बसन त्या कोनाड्यात." तिनं समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "ज्याचं असन त्यानं समजावून वापस आणावं."

भंवरीबाईपुढे दोघांचंही काही चालत नसे. मांजरपाट पुन्हा पसरला गेला. इंग्रजाचा नियम तोच, पण आता कोणी मरायचं नाही, मारा बसला की कोनाड्यात पळायचं. पहिल्याच तोफेला इंग्रजाचे चिंचोके पळाले. इंदरचंद उठून ते घेऊन आला.

फूलचंद ताठ बसला. "अरे, अडगावात असंच झालं होतं! भोसल्यांच्या तोफा सुटल्या तं इंग्रजाच्या पलटणी पळाल्या. त्यांचा सेनापती सोता गेला अन् वापस आणल्या."

थोड्या वेळानं भोसल्यांचे घोडे भ्याले. इंदरचंदनं ते कोनाड्यात ठेवले आणि पुढच्या खेपेला आणायला उठू लागला.

"तू कायले उठतो?" डाळ निवडता निवडता भंवरीबाई म्हणाली. "फौज कोनाची हाय?"

फूलचंदनं कोनाड्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. "थांब जरा, कवड्या टाकू नको."

इंदरचंदला थांबावंसं फार वाटलं. पण लहान पोरगं समजल्याचा भावाचा राग त्यानं पाहिला होता. "इंग्रज थांबत नाई, भाऊ," तो म्हणाला आणि त्यानं कवड्या टाकल्या. उताण्या पडल्या, मारा लागला. इंग्रज पुढे सरकला.

फूलचंद चरफडत उठला. खाटेचा खूर, मग भिंत, मग दाराची चौकट, असं धरत कण्हत कोनाड्यापाशी गेला. घोडे मुठीत घेऊन परतेपर्यंत इंग्रज तोफांपाशी पोचला होता. डाव गेला.

भंवरीबाईनं डोळ्याला पदर लावला. घामानं निथळणारा फूलचंद खाटेच्या काठावर टेकला.

"आता बराबर हाय," तो म्हणाला. "मांड पुन्हा. अन् कोनाडा तोच ठेव."